बॅटरीवरची अवजारे आणि ऊर्जेचा हिशेब

घरातील दुरुस्ती, फर्निचरची जोडणी आणि लहान वर्कशॉपमधील सुतारकाम या तिन्ही कामांत बॅटरीवर चालणाऱ्या अवजारांनी गेल्या दीड-दोन दशकांत जो बदल घडवला, त्याचे वर्णन बहुधा ‘वायरीची कटकट गेली’ एवढ्यावरच थांबते. परंतु ही अवजारे रोज हातात धरणाऱ्या कारागिराला लवकरच असे उमगते की, भिंतीवरच्या बोर्डातून लागेल तेवढी वीज ओढण्याची सवय सोडून हाताच्या पंजात मावणाऱ्या साठ्यातून ती मोजून खर्चण्याची नवी शिस्त अंगी बाणवावी लागते. कॉर्डलेस अवजार निवडणे म्हणजे मुख्यतः ऊर्जेचा एक साठा निवडणे होय, आणि ते नीट वापरणे म्हणजे त्या साठ्याचा हिशेब डोक्यात ठेवणे होय, हे या विवेचनाचे सूत्र आहे. कपाटे व स्वयंपाकघरातील ओटे बसवणे, पडद्यांचे दांडे आणि फळ्या भिंतीवर लावणे, प्लाय कापून खोकी जोडणे, अशा महाराष्ट्रातील शहरांत आणि तालुक्याच्या गावांत नित्य चालणाऱ्या कामांच्या अनुभवातून ते सूत्र पुढे आले आहे.

विजेपूर्वीच्या सुतारकामात भोक पाडण्यासाठी सामता किंवा गिरमिट वापरले जाई. दोन्हींत ऊर्जेचा उगम कारागिराच्या दंडात असल्यामुळे तिचा अपव्यय त्याला त्याच क्षणी जाणवत असे. जर्मनीतील श्टुटगार्ट येथील फाइन या कंपनीने १८९५ मध्ये विजेवर चालणारे हाताचे ड्रिल बनवले. पुढे अमेरिकेतील ब्लॅक अँड डेकर कंपनीला पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाने दाबायचा खटका असलेल्या ड्रिलचे पेटंट १९१७ मध्ये मिळाले, आणि आजच्या ड्रिलचा घाट तेव्हापासून जवळजवळ तसाच राहिला. याच कंपनीने १९६१ मध्ये निकेल-कॅडमियम बॅटरीवर चालणारे ड्रिल बाजारात आणले, आणि १९७१ च्या अपोलो १५ मोहिमेत तिच्या सहभागाने तयार झालेले बॅटरीवरचे ड्रिल चंद्राच्या पृष्ठभागात भोके पाडण्यासाठी वापरले गेले. तरीही सामान्य कारागिराने या अवजारांवर कित्येक वर्षे विश्वास टाकला नाही, आणि त्याला सबळ कारणे होती: निकेल-कॅडमियम बॅटरी वजनाला जड असे, नुसती ठेवली तरी काही आठवड्यांत बरीचशी उतरत असे आणि काम चालू असताना तिचा जोर हळूहळू मावळत जाई. शिवाय कॅडमियम हा विषारी धातू आहे, आणि म्हणूनच युरोपीय संघाने २०१६ च्या अखेरीस अशा अवजारांतील त्याच्या वापराची सवलत संपुष्टात आणली.

खरी कलाटणी लिथियम-आयन बॅटरीने दिली. सोनी कंपनीने १९९१ मध्ये ती व्यापारी स्वरूपात आणली, २००५ च्या सुमारास ती अवजारांत आली, आणि तिच्या मूलभूत संशोधनासाठी जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम व अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ग्रामीण महाराष्ट्रात भारनियमनाने कामाचे तासन्‌तास खाऊन टाकण्याचा काळही साधारण याच सुमाराचा होता. मात्र ही नवी अवजारे तेव्हा इतकी महाग होती की, ज्याला त्यांची सर्वांत अधिक गरज होती त्या गावाकडच्या सुताराच्या हाती ती फार उशिरा पडली. आज ती तालुक्याच्या हार्डवेअरच्या दुकानातही मांडलेली दिसतात, आणि त्यामुळे अडचण दुर्मीळतेची न राहता निवडीची झाली आहे.

निवडीचा आरंभ बॅटरीच्या पोटात काय असते हे समजून घेण्यापासून करावा लागतो. बॅटरीचे प्लास्टिकचे कवच उघडले तर आत नळीच्या आकाराचे सेल ओळीने बसवलेले दिसतात. त्यांतील बहुप्रचलित सेल १८ मिलिमीटर व्यासाचा आणि ६५ मिलिमीटर लांबीचा असतो, आणि त्याचे सरासरी व्होल्टेज, म्हणजे वीज ढकलणारा दाब, ३.६ व्होल्ट असते. असे पाच सेल एकामागे एक जोडले की १८ व्होल्ट होतात. हेच पाच सेल पूर्ण चार्ज झालेले असताना प्रत्येकी ४.२ व्होल्ट दाखवतात, आणि त्यांची बेरीज २१ येते. म्हणजे एका खोक्यावर १८, दुसऱ्यावर २० आणि तिसऱ्यावर २१ व्होल्ट छापलेले असले तरी तिन्हींच्या आत पाच-पाच सेलांची तीच ओळ असते, आणि १२ व्होल्टच्या लहान अवजारात तीन सेल असतात. बाजारात स्वस्त यंत्रांच्या बॅटरीवर ४८ किंवा ८८ असे मोठाले आकडे ठळक अक्षरांत छापलेले आढळतात, पण त्यांतही पुष्कळदा पाचच सेल निघतात. व्होल्टचा आकडा पाहून दोन अवजारांची तुलना करणारा गिऱ्हाईक अशा रीतीने पहिल्याच पायरीवर फसतो.

तुलनेला उपयोगी पडणारा आकडा वॅट-अवर हा आहे. बॅटरी किती वेळ किती प्रवाह देऊ शकते हे अँपिअर-अवरमध्ये सांगतात, आणि त्या संख्येला व्होल्टने गुणले की साठ्यातील एकूण ऊर्जा वॅट-अवरमध्ये मिळते. १८ व्होल्ट आणि २ अँपिअर-अवरच्या बॅटरीत ३६ वॅट-अवर, ४ च्या बॅटरीत ७२ आणि ५ च्या बॅटरीत ९० वॅट-अवर ऊर्जा असते. आता चार इंची ग्रायंडर भराने चालताना ६०० वॅट ओढतो असे धरले, तर ३६ वॅट-अवरचा साठा त्याला साडेतीन मिनिटांच्या आसपास आणि ७२ चा साठा सात मिनिटांच्या आसपास पुरेल. याउलट प्लायमध्ये एक मध्यम लांबीचा स्क्रू आवळायला लागणारी ऊर्जा इतकी थोडी असते की, तीच ३६ वॅट-अवरची बॅटरी शेकडो स्क्रू बसवून देते. एवढा सोपा गुणाकार-भागाकार केला तरी कोणते काम बॅटरीवर सोपवावे आणि कोणते वायरीवरच ठेवावे याचे बहुतेक उत्तर हाती येते: थांबून थांबून, थोड्या थोड्या जोराने करायची कामे बॅटरीची, आणि सलग, दमदार भाराची कामे वायरीची.

या हिशेबात आणखी एक बारकावा आहे, आणि तो अनुभवानेच ध्यानात येतो. मोठ्या बॅटरीत सेलांच्या दोन ओळी शेजारी-शेजारी जोडलेल्या असतात, त्यामुळे जड कामाचा प्रवाह दोन वाटांनी विभागला जातो, प्रत्येक सेल कमी तापतो आणि व्होल्टेज कमी घसरते. परिणामी तीच गोल करवत लहान बॅटरीवर रडत चालते आणि मोठ्या बॅटरीवर मोकळेपणाने कापते. परंतु मोठी बॅटरी वजनातही भरते, आणि छताखाली हात वर करून फॉल्स सीलिंगची पट्टी आवळणाऱ्या माणसाच्या खांद्याला त्या वाढीव पाव किलोची किंमत दुपारपर्यंत पुरेपूर कळते. म्हणून वर हात करून करायच्या कामाला लहान बॅटरी आणि करवतीला मोठी, अशी वाटणी ज्याने ठरवून घेतली त्याचा दिवस कमी त्रासात सरतो.

सर्वांत आधी घ्यावे असे अवजार म्हणजे ड्रिल-ड्रायव्हर, कारण भोक पाडणे आणि स्क्रू आवळणे ही दोन्ही कामे ते करते. त्याच्या तोंडाशी असलेल्या आकडे कोरलेल्या कड्याला क्लच म्हणतात. ठरवलेल्या मर्यादेपर्यंत पिळाचा जोर पोहोचला की हा क्लच मोटर आणि चक यांचा संबंध तोडतो आणि टरटर आवाज करीत स्क्रूला पुढे जाऊ देत नाही. माथ्यावरच्या सरकत्या बटणाने दोन वेग मिळतात: पहिला मंद व जोरकस, तो स्क्रूसाठी आणि मोठ्या भोकांसाठी, दुसरा जलद व हलका, तो बारीक बिटांसाठी. पुष्कळ घरांत हे अवजार कायम दुसऱ्या वेगावर आणि क्लच ड्रिलच्या खुणेवर लावून वापरले जाते, आणि मग स्क्रूच्या माथ्याची खाच घासून गुळगुळीत होते, बिट झिजते आणि दोष मात्र अवजाराला लागतो.

कपाटाच्या शटरला बिजागरी बसवण्याचे काम जवळून पाहिले तर क्लचचे मोल स्पष्ट होते. आपोआप बंद होणाऱ्या बिजागरीची वाटी ३५ मिलिमीटर व्यासाच्या खळग्यात बसते. हा खळगा पाडताना मंद वेग ठेवावा लागतो, कारण जलद वेगात बिट तापते, प्लायचा भुसा जळका वास सोडू लागतो आणि खळग्याच्या कडेचा सनमायका उडतो. शटर १८ मिलिमीटर जाडीचे आणि खळगा सुमारे १२ मिलिमीटर खोलीचा असल्यामुळे खाली सहाच मिलिमीटर लाकूड उरते, आणि बिटाचे मधले टोक तेवढ्यातून पलीकडे जाऊन दर्शनी बाजूला टिंब उठवू नये म्हणून शेवटच्या टप्प्यात खटका अगदी हलका दाबावा लागतो. त्यानंतर वाटी बसवून, गुण्याने तिची कड शटरच्या कडेशी जुळवून, प्रत्येक स्क्रूसाठी आधी बारीक भोक पाडले जाते. क्लच पाच-सहाच्या आकड्यावर ठेवून पहिला स्क्रू आवळला की तो माथा टेकताच टरटरतो. नेमके तेथे थांबावे लागते, कारण प्लायच्या थरांत आटा एकदा फिरून मोकळा झाला की तो स्क्रू पुन्हा पकड घेत नाही आणि काही महिन्यांत शटर लोंबू लागते. क्लचचा कोणता आकडा योग्य हे पुस्तकात सापडत नाही. प्लाय, एमडीएफ आणि सागवान यांची दाटी वेगवेगळी असल्यामुळे त्याच मालाच्या तुकड्यावर एक-दोन स्क्रू आवळून तो ठरवावा लागतो.

ड्रिल-ड्रायव्हरच्या शेजारी दुकानदार हमखास दुसरे एक आखूड अवजार ठेवतो, ते म्हणजे इम्पॅक्ट ड्रायव्हर. त्याच्या आत एक लहान घण फिरत असतो. स्क्रू अडला की हा घण ऐरणीसारख्या भागावर मिनिटाला तीन हजारांहून अधिक वेळा वळणाच्या दिशेने आपटतो, आणि त्यामुळे मनगटाला झटका न देता लांब स्क्रू कडक लाकडात शिरतो. पिळाचा जोर न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. चांगला १८ व्होल्टचा ड्रिल-ड्रायव्हर ५० ते ६० न्यूटन-मीटर देतो, तर इम्पॅक्ट ड्रायव्हर १५० च्या पुढे जातो. छपराच्या वाशाला जाड स्क्रू मारणे, लोखंडी चौकटीवर पत्रा आवळणे, गंजलेला बोल्ट सोडवणे यासाठी हे अवजार फार मोलाचे आहे. परंतु त्यात वर सांगितलेल्या प्रकारचा क्लच नसतो, म्हणून बिजागऱ्या, ड्रॉवरची चॅनेल आणि पितळी स्क्रू यांच्यासाठी ते उचलणे म्हणजे नुकसानीला आमंत्रण होय. त्याचा आवाजही कर्कश असतो. बंद खोलीत त्यावर काम करणाऱ्याने कानांत बोळे घालणे ही नाजूकपणाची खूण मानली जाऊ नये, तो त्याच्या उतारवयातील ऐकण्याचा प्रश्न आहे.

भिंतीचे काम हा स्वतंत्र विषय आहे, कारण महाराष्ट्रात भिंती एका जातीच्या नाहीत. कोकणातील जांभ्या दगडाची भिंत मऊ आणि सच्छिद्र असते, वीट व प्लास्टरची भिंत मध्यम असते, आणि आरसीसीचा बीम किंवा कॉलम इतका कठीण असतो की त्यावर चुकीचे अवजार लावले तर बिटाचे टोक लाल होते पण भोक पुढे सरकत नाही. ड्रिल-ड्रायव्हरवर हातोड्याची खूण असेल तर त्यात दातेरी चकत्या एकमेकींवर घासून ठोके निर्माण होतात. हे ठोके उथळ असतात, आणि माणसाने मागून जोर लावला तरच ते भिंतीपर्यंत पोहोचतात. विटेला ते पुरतात. रोटरी हॅमरमध्ये मात्र दट्ट्या हवेची उशी दाबून आतल्या ठोकणीला फेकतो, त्यामुळे ठोका खोल असतो आणि माणसाला नुसते अवजार सरळ धरावे लागते. खोबणी असलेल्या दांड्याचे एसडीएस-प्लस बिट त्याला लागते, कारण ते चकमध्ये घट्ट आवळले न जाता पुढे-मागे सरकू शकते. पडद्यांच्या दांड्यांची चार भोके पाडायची असतील तर खिडकीवरच्या बीममध्येही बॅटरीचा लहान रोटरी हॅमर सहज निभावतो. मात्र इमारतीत मजल्यामागून मजला भोके पाडायची असतील तर वायरीचाच हॅमर न्यावा. भोक कोणत्याही अवजाराने पाडले तरी त्यातील धूळ फुंकणीने बाहेर काढल्याखेरीज गिट्टी ठोकू नये, कारण धुळीवर बसलेली गिट्टी भिंतीला धरत नाही, आणि फळीवर ओझे आले की स्क्रूसकट बाहेर येते.

कापण्याच्या अवजारांत सोयीबरोबर धोकाही वाढतो. प्लायचा ताव जमिनीवर किंवा दोन घोड्यांवर टाकून बॅटरीच्या गोल करवतीने त्याचे तुकडे करता येतात, आणि वायर पात्याखाली येण्याची भीती राहत नाही, हा मोठा लाभ आहे. खिडकीच्या चौकटीत किंवा सिंकसाठी ओट्याखालच्या फळीत वळणदार काप घ्यायला जिगसॉ पुरतो. परंतु आपल्याकडे फरशी कापायच्या कटरला किंवा ग्रायंडरला संरक्षक झाकण काढून लाकडाचे दातेरी पाते लावण्याची जी रीत पडली आहे, ती बॅटरीच्या ग्रायंडरबरोबरही तशीच चालत आली आहे, आणि तिचा निषेध जितक्या स्पष्टपणे करावा तितका थोडा आहे. ग्रायंडरचा वेग आणि पकड लाकडासाठी आखलेली नाही. पाते लाकडात अडकले की अवजार मागे उसळते, आणि झाकण नसलेले पाते थेट मांडीपर्यंत किंवा मनगटापर्यंत पोहोचते. याच संदर्भात बॅटरीच्या अवजाराचे एक वैशिष्ट्य प्रत्येक नवशिक्याला पहिल्या दिवशी सांगितले पाहिजे: वायरीच्या यंत्राचा प्लग काढला की ते निर्जीव होते, हे डोळ्यांना दिसते, पण बॅटरीचे यंत्र पेटीत, पिशवीत, लहान मुलाच्या हातात, सर्वत्र सज्जच असते. पाते किंवा बिट बदलताना बॅटरी काढून बाजूला ठेवणे हा नियम म्हणून प्लग काढण्याहूनही कडक पाळावा लागतो.

सुरक्षिततेच्या दुसऱ्या अंगाने पाहता या अवजारांचे ऋण मोठे आहे. बांधकाम चालू असलेल्या इमारतीत सुताराला बहुधा तात्पुरत्या बोर्डावरून वीज मिळते. एक्स्टेन्शनच्या टोकाला पिन नसते, सोललेल्या दोन उघड्या तारा सॉकेटच्या भोकांत खुपसून काडेपेटीच्या काड्यांनी घट्ट केलेल्या असतात, अर्थिंगची तार कोठेच जोडलेली नसते, आणि पावसाळ्यात तीच वायर पाण्याच्या थारोळ्यातून जाते. शिडीवर किंवा परांचीवर उभ्या असलेल्या माणसाला अशा वेळी बसलेला हलकासा झटकाही खाली पाडायला पुरतो. बॅटरीच्या अवजाराने ही सारी साखळीच तुटते. पैशाच्या तुलनेत हा लाभ धरला जात नाही, पण ज्या ठेकेदाराच्या हाताखाली माणसे काम करतात त्याने बॅटरीच्या अवजाराची किंमत काढताना हा लाभ सर्वांत वर लिहावा, असे या क्षेत्राच्या अनुभवावरून आग्रहाने म्हणावेसे वाटते.

अवजाराच्या किमतीतील मोठा वाटा बॅटरी आणि चार्जर यांचा असतो, आणि म्हणूनच एकाच बॅटरीवर अनेक अवजारे चालवण्याची कल्पना पुढे आली. पहिल्या खरेदीत दोन बॅटऱ्या व चार्जर घेतल्यावर पुढची अवजारे नुसत्या बॉडीच्या रूपात, बॅटरीशिवाय, स्वस्तात मिळतात. पण प्रत्येक कंपनीच्या बॅटरीची खोबण आणि संपर्कपट्ट्या वेगळ्या असल्यामुळे एका कंपनीची बॅटरी दुसरीच्या अवजारात बसत नाही. इतकेच काय, बॉश कंपनीच्या निळ्या व्यावसायिक आणि हिरव्या घरगुती मालिकांतील १८ व्होल्टच्या बॅटऱ्याही परस्परांत चालत नाहीत. पहिले अवजार घेणारा माणूस अशा रीतीने नकळत पुढच्या दहा वर्षांचे घराणे निवडत असतो. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर किंवा पुण्याच्या बोहरी आळीत खरेदीला जाण्यापूर्वी त्याने येत्या काही वर्षांत आपल्याला कोणकोणती कामे करायची आहेत याची यादी करावी, आणि त्या यादीतील सर्व अवजारे एका घराण्यात मिळतात की नाही, चार्जर वेगळा मिळतो की नाही, खटका आणि चक यांसारखे सुटे भाग आपल्या जिल्ह्यात मिळतात की नाही, हे विचारावे. एका घराण्याची बॅटरी दुसऱ्यावर बसवणारे जोडतुकडे बाजारात मिळतात, पण बॅटरी आणि अवजार यांच्यात तापमान व व्होल्टेज यांविषयी जी सूचनांची देवाणघेवाण होते ती अशा तुकड्यांत पुष्कळदा खंडित होते, आणि मग अति तापलेली किंवा अति उतरलेली बॅटरी वेळेत थांबवली जात नाही.

मोटरचा प्रकार हा निवडीतील पुढचा मुद्दा आहे. जुन्या रचनेत कार्बनच्या दोन लहान कांड्या फिरत्या भागावर घासून वीज आत पोहोचवतात. त्या झिजतात, ठिणग्या पडतात, आणि ‘कार्बन गेले’ की ते बदलावे लागतात, जे काम साधा मिस्त्रीही थोडक्या पैशांत करून देतो. ब्रशलेस मोटरमध्ये फिरत्या भागावर कायमचे चुंबक असतात आणि बाहेरच्या वेटोळ्यांतील प्रवाह इलेक्ट्रॉनिक मंडल आळीपाळीने बदलते. घर्षण आणि उष्णता कमी झाल्याने त्याच बॅटरीवर अधिक काम होते. मात्र हे मंडल बिघडले तर ते कंपनीच्या सर्व्हिस सेंटरखेरीज सहसा दुरुस्त होत नाही. ज्याचे अवजार रोज आठ तास चालते आणि ज्याच्या शहरात सर्व्हिस सेंटर आहे त्याने ब्रशलेस घ्यावे. घरी महिन्यातून दोनदा भोक पाडणाऱ्याला कार्बनची साधी मोटर वर्षानुवर्षे पुरते, आणि तिच्यात वाचलेले पैसे त्याने दुसऱ्या बॅटरीवर खर्च करावेत.

लिथियम बॅटरीचा स्वभाव जुन्या बॅटरीहून वेगळा असल्याने तिची निगाही वेगळी ठेवावी लागते. ती शेवटपर्यंत जवळजवळ पूर्ण जोर देते आणि मग एकाएकी थांबते, म्हणून शिडी चढण्यापूर्वी तिच्यावरचे दिवे पाहण्याची सवय लावून घ्यावी लागते. ती पूर्ण उतरवून मगच चार्ज करावी हा निकेल-कॅडमियमच्या काळातला समज येथे लागू नाही. उलट पूर्ण रिकामी अवस्थेत महिनोन्‌महिने पडलेली बॅटरी पुन्हा उठतही नाही. बराच काळ वापर नसेल तर ती अर्धी चार्ज करून थंड, कोरड्या जागी ठेवावी. उष्णता हा तिचा पहिला शत्रू आहे: विदर्भातील मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या टेम्पोत राहिलेली बॅटरी आयुष्याची काही वर्षे गमावते, आणि ग्रायंडरवरून नुकतीच काढलेली गरम बॅटरी लगेच चार्जरवर चढवली तर चांगला चार्जर तिला थंड होईपर्यंत चार्ज करण्याचे नाकारतो. कोकणच्या पावसाळ्यात दुसराच प्रश्न येतो. दमट हवेने संपर्कपट्ट्यांवर हिरवट थर चढतो, प्रवाह अडतो आणि बॅटरी चांगली असूनही अवजार अडखळते, म्हणून घट्ट झाकणाची पेटी आणि अधूनमधून कोरड्या फडक्याने पुसणे आवश्यक ठरते. आयुष्य संपलेली बॅटरी कचऱ्यात किंवा भंगारात टाकू नये, कारण चेपलेला लिथियम सेल पेट घेतो. भारत सरकारच्या २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, आणि ग्राहकाने दुकानात ती मागणी करणे हा त्या व्यवस्थेचा भाग आहे.

या सर्वांतून खरेदीचा एक क्रम सुचतो. घरासाठी १२ किंवा १८ व्होल्टचा एक चांगला ड्रिल-ड्रायव्हर, २ अँपिअर-अवरच्या दोन बॅटऱ्या, चार्जर आणि उत्तम प्रतीची बिटे एवढे बहुतेक आयुष्यभर पुरते. हलक्या बिटांनी महागडे अवजारही निकामी ठरते, म्हणून बिटांवर काटकसर करू नये. फर्निचर बसवण्याचा व्यवसाय करणाऱ्याने १८ व्होल्टच्या घराण्यात शिरून ड्रिल-ड्रायव्हरनंतर इम्पॅक्ट ड्रायव्हर, मग जिगसॉ किंवा गोल करवत, आणि त्यांच्यासाठी ४ किंवा ५ अँपिअर-अवरची बॅटरी घ्यावी. टेबलावरची करवत, मोठा रंधा, फवाऱ्याचा कॉम्प्रेसर आणि आरसीसी फोडण्याचा हॅमर ही यंत्रे मात्र वर्कशॉपच्या विजेवरच राहू द्यावीत, कारण तेथे सलग भार असतो आणि साठ्याचे गणित बसत नाही.

अवजार कितीही चांगले असले तरी रेषा कोठे आखायची, भोक किती अंतरावर पाडायचे, भिंत ओळंब्यात आहे की नाही, हे ते सांगत नाही. खतावणी, गुण्या, ओळंबा आणि धार लावलेली पटाशी यांची जागा कोणत्याही बॅटरीने घेतलेली नाही, आणि ज्याचा हात या साधनांवर तयार झाला आहे त्यालाच क्लचचा टरटराट कधी खरा आणि कधी फसवा हे ओळखता येते. म्हणून औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील सुतारकामाच्या शिक्षणात करवत-पटाशीच्या धड्यांनंतर सेल, वॅट-अवर, क्लच आणि बॅटरीची निगा यांचा धडा आवर्जून यावा, आणि प्रत्येक खोक्यावर व्होल्टच्या फुगवलेल्या आकड्याऐवजी वॅट-अवर ठळकपणे छापले जावेत, या दोन मागण्या कारागिरांनी आणि ग्राहकांनी एकत्र लावून धरण्याजोग्या आहेत. कष्टाच्या पैशांतून पहिले ड्रिल घेणाऱ्या तरुण सुताराला त्याने विकत घेतलेली ऊर्जा किती आणि ती कोणत्या कामाला पुरेल हे दुकानातच कळले पाहिजे. तो हिशेब ज्याला येतो त्याचे अवजार टिकते, काम नीट बसते आणि पुढचे अवजार घेताना तो दुसऱ्याच्या सांगण्यावर अवलंबून राहत नाही.